एकशे सतरा आणि एकशे अठराच्या मध्ये

१

सकाळी साडेपाचला कुंपणाची फेरी मारायची, हा एवारिस्तोमामाचा तीस वर्षांचा नेम. गुडघ्यांनी साथ सोडली आणि तो नेम भाचीकडे आला. सेल्सा खांद्याला पिशवी लावून निघायची. पिशवीत हातोडी, पक्कड, मूठभर यू-खिळे आणि पांढऱ्या रंगाचा डबा. लाल रस्त्याच्या कडेच्या हद्दीच्या दगडापासून दलदलीतल्या दगडापर्यंत दोनशे एकोणीस खांब. सगळे उरुंदेयच्या लाकडाचे. हे लाकूड पावसात काळं पडतं, उन्हात फुटतं, पण कुजत नाही. वस्तीतल्या चौदा घरांनी ते खांब रानातून पाठीवर वाहून आणले, तेव्हा सेल्सा जन्मलीही नव्हती.

कुंपणाच्या अलीकडे याताइती वस्ती, तिची विहीर, मांदियोका कंदाची शेतं. पलीकडे गुरांची मोठी इस्टेट. इस्टेटीच्या नकाशात हद्द अलीकडे सरकलेली होती, इतकी की विहीर आणि नऊ घरं पलीकडे जात होती. खटला आठ वर्षं चालला. शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं, गुरुवारी मोजणीदार येईल. जुनं कुंपण एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सलग उभं असेल तर तीच हद्द. नसेल तर इस्टेटीचा नकाशा खरा.

सेल्सा तीस वर्षांची होती. राजधानीत, आसुन्सिओनला राहून जमीनमोजणी शिकली होती, ती याच दिवसासाठी. आल्या आल्या तिने प्रत्येक खांबावर पांढऱ्या रंगाने नंबर घातले, प्रत्येकाचा फोटो काढला. मामा ओट्यावर बसून तेरेरेचा गार काढा पीत हे सगळं बघायचा.

‘नावं पण ठेव की त्यांना,’ तो म्हणायचा. ‘बारशाला जेवायला येतो आम्ही.’

‘मामा, कोर्टाला पुरावा लागतो. तुमची गंमत नाही लागत.’

‘बरं बाई. पण ठोकायच्या आधी हात ठेवतेस ना?’

हा मामाचा दुसरा नेम. कुठल्याही खांबावर खिळा मारण्याआधी त्यावर तळहात टेकवायचा, हळूच ‘परवानगी असावी’ म्हणायचं, आणि मगच हातोडी उचलायची. वस्तीत सगळेच असं करत. का, ते कुणी सांगत नसे. सेल्सा लहान असताना मामाने तिला एकदा वाळक्या बुंध्यावर बसलेला उरुताऊ पक्षी दाखवला होता. करड्या सालीसारखी पिसं, मान वर ताणलेली, डोळे मिटलेले. मोडक्या फांदीचं टोकच जणू. ‘झोपलाय,’ ती म्हणाली होती. ‘नाही,’ मामा म्हणाला होता. ‘पापणीला चिरा असतात त्याच्या. मिटल्या डोळ्यांनी बघतोय तुला.’

त्या रात्री ती पांघरुणात तोंड घालून झोपली होती. पण ते लहानपणी. आता तिला दोनशे एकोणीस खांबांना दोनशे एकोणीस नमस्कार घालायला वेळ नव्हता.

२

शुक्रवारी तिला एक खांब जास्त दिसला.

एकशे सतराचा नंबर होता, एकशे अठराचा होता. दोघांच्या बरोबर मध्ये, दोन मीटरांवर, एक बिननंबरचा खांब उभा. तिच्या खांद्यापेक्षा थोडा उंच, करडा, वरचं टोक मोडल्यासारखं तिरपं. तारा त्याला लागून गेल्या होत्या, पण खिळा एकही नव्हता.

मामाने कधी मध्ये टेकू दिला असेल, आपल्या नजरेतून सुटला असेल, असं तिने मनाशी ठरवलं. स्वतःच्या कामातली चूक सापडली की ती चिडायची, तशी चिडली. उत्तरेचा गरम वारा सुटला होता. त्या वाऱ्यात माणसं उगाच एकमेकांच्या अंगावर जातात. तिने डबा उघडला, तर रंग वाळून दगड झालेला. मग फोटो काढला. वरची तार ढिली लागली म्हणून खिळा काढला आणि ठोकला.

उरुंदेयवर हातोडी बसली की ठणका मनगटापर्यंत येतो. हा खिळा दोन घावांत गेला. उकडलेल्या मांदियोकात सुरी जावी तसा गेला. आवाज झाला नाही.

आणि सगळ्या रातकिड्यांनी एकदम तोंड मिटलं.

सेल्सा क्षणभर उभी राहिली. कुजकं लाकूड, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, हे तिच्या नंतर लक्षात आलं. मग पुढे निघाली, आणि एकशे चाळिसाव्या खांबापर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

३

शनिवारी तो खांब नव्हता.

खड्डा नव्हता, उकरलेली माती नव्हती. त्या जागी गवत सरळ उभं होतं, कालपरवा तिथे काही होतं असं त्याच्याकडे बघून वाटलं नसतं. वरची तार मात्र बाहेरच्या बाजूला ताणून वाकलेली, आणि वाकलेल्या जागी काळसर काहीतरी वाळलेलं. डिंकासारखं. तिने बोट लावलं आणि पँटला पुसलं.

इस्टेटीच्या माणसांनी उपटला, हा पहिला विचार. पण दोनशे एकोणीस सोडून तो एकच का उपटतील? आपण जागा चुकलो, हा दुसरा. पण जागेला नंबर होते, तिनेच घातलेले. ऊन लागलं, हा तिसरा. तर फोटो होता. फोटोत खांब होता, अगदी साधा, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा.

तिने तो मामाला दाखवला. शेजारच्या देओदोरा, वस्तीतली सगळ्यात वयस्क बाई, तिथेच चिपाचे पाव भाजायच्या भट्टीत लाकडं सारत होत्या. सगळे त्यांना मानाने न्या देओदोरा म्हणत. मामाने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

‘खिळा मारलास?’

‘हो.’

‘हात ठेवला होतास?’

सेल्साने फोन परत घेतला.

‘ठेवला नव्हता,’ न्या देओदोरा भट्टीकडे बघतच म्हणाल्या. ‘शिकून आलीय ना.’

‘काय असतं ते, न्या? सांगा तरी. नुसतं घाबरवू नका.’

‘आम्हाला कुठे माहीत? आम्ही कधी विचारलं नाही. हात ठेवला, गार लागलं तर ठोकलं. उबदार लागलं तर पुढे गेलो. एवढंच.’

‘आणि सकाळच्या उन्हाने उबदार लागलं तर?’

‘तरी पुढे गेलो,’ मामा म्हणाला. ‘एक खिळा कमी मारल्याने कुणाचं काय बिघडतं, पोरी?’

ते ऐकून ती आणखीच चिडली. असल्या भाबडेपणामुळेच तर ही माणसं आठ वर्षं कोर्टात हरत आली, असं तिच्या मनात आलं. पण पँटवरचा तो डाग तिने साबणाने तीनदा धुतला. गेला नाही.

४

मंगळवारी, दुपारच्या झोपेच्या वेळी, दलदलीकडून धूर दिसला.

त्या वेळी वस्तीत चिटपाखरू बाहेर नसतं. कुत्रीसुद्धा पाण्याच्या पिंपाखाली पडलेली असतात. सेल्सा अनवाणी धावत सुटली. पोचली तेव्हा ट्रॅक्टर निघून गेला होता. दोनशे एक ते दोनशे एकोणीस, एकोणीस खांब मुळासकट उपटून, ढीग करून, डिझेल ओतून पेटवले होते. तारा गुंडाळून नेल्या होत्या. खड्डे मातीने बुजवून चाकाखाली चेपले होते. तिच्यासमोर दोनशे सातचा पांढरा आकडा फोड येऊन जळाला.

मामा काठी टेकत अर्ध्या तासाने आला. त्याने ढिगाकडे बघितलं आणि गवतात बसला, पाय पसरून, लहान मुलासारखा.

‘हा तुझ्या आईने वाहिला होता,’ एका जळत्या ओंडक्याकडे हात करून तो म्हणाला. ‘पोटात तू होतीस. नको म्हटलं, ऐकेना.’

संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले. नवे खांब पुरले तर पिवळं लाकूड स्वतःच बोलेल की हे काल पुरलंय. तालुक्याला तक्रार द्यावी तर तिची चौकशी महिन्याभराने, आणि मोजणी परवा.

‘माझ्या मक्याच्या मागचे जुने खांब आहेत,’ मामा म्हणाला. ‘काळे पडलेले. ते आणून पुरू. कुणाला कळतंय?’

‘नाही,’ सेल्सा म्हणाली.

‘का नाही?’

‘खोटं आहे म्हणून. ते खोटं बोलतात म्हणून आपणही बोलायचं? मग फरक काय राहिला? आपण खरं आहोत मामा, आठ वर्षं आपण तेवढंच सांगतोय. मी मोजणीदाराला जळालेला ढीग दाखवेन, फोटो दाखवेन.’

‘आणि तो म्हणेल, बाई, कागदावर लिहिलंय सलग उभं कुंपण. फोटोला तार बांधता येते का?’

‘तरीही नाही.’

‘तुझं नाक वर राहील. विहीर जाईल.’

नऊ घरांची माणसं तिच्याकडे बघत होती, पण कुणी तिला बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

बुधवारी सकाळी ती कुंपणावर एकटी गेली. एकशे सतरा आणि एकशे अठराच्या मध्ये थांबली. आजूबाजूला कुणी नाही हे बघून घेतलं. मग तिथे जे नव्हतं त्याच्यापुढे तळहात धरून, शरमेने घाईघाईत म्हणाली, ‘चुकलं माझं. घाईत होते.’

हवेला हात लागला. हवा उबदार होती. तिकडे नोव्हेंबर म्हणजे उन्हाळा, हवा उबदारच असते.

५

गुरुवारी आठ वाजता मोजणीदार आला. बारेइरो नाव, पन्नाशीचा, घाम पुसत चालणारा, कुणाच्याच बाजूचा न दिसणारा माणूस. इस्टेटीतर्फे मुकादम गामारा आला, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने सेल्साला हसून नमस्कार केला.

‘काय इंजिनीयरीणबाई, तयारी झाली?’

‘झाली.’

‘दलदलीकडे गमबूट घालून या. तिकडे काही नाहीये, नुसता चिखल आहे.’

ते खांब मोजत निघाले. एक, दोन, पन्नास, शंभर. बारेइरो प्रत्येक नंबरासमोर वहीत टिंब काढत होता. सेल्सा मनातल्या मनात जळालेल्या ढिगाचं वाक्य जुळवत होती. साहेब, परवा दुपारी. साहेब, आमच्याकडे फोटो आहेत. एकशे नव्वद. दोनशे. पुढे जमीन उतरते आणि उंच गवत लागतं. तिने डोळे जमिनीकडे ठेवले, कारण पुढचं रिकामपण तिला बघवणार नव्हतं.

‘दोनशे एक,’ बारेइरो म्हणाला.

तिने मान वर केली.

खांब उभे होते. दलदलीतल्या दगडापर्यंत, एका रांगेत, चार-चार मीटरांवर. करडे, जुने, वरून मोडल्यासारखे तिरपे. मागे जळालेल्या ढिगाची राख तशीच होती, आणि राखेच्या अलीकडे खांब उभे होते.

मामाने तिचा दंड धरला. ‘तू?’ असं त्याने नजरेनेच विचारलं. तिने मान हलवली. मग तिने त्याच्याकडे तसंच बघितलं, आणि त्याने मान हलवली.

‘यांच्यावर नंबर का नाहीत?’ बारेइरोने विचारलं.

सगळे रातकिडे गप्प झालेली दलदल तिच्या उत्तराची वाट बघत होती.

‘रंग वाळला,’ सेल्सा म्हणाली. डब्यातला रंग खरंच वाळला होता. तरी तिच्या आयुष्यात इतकं मोठं खोटं ती कधी बोलली नव्हती.

‘आणि तारा?’

‘तारा चोरीला गेल्या. परवा दुपारी.’ हे बोलताना तिने गामाराकडे पाहिलं.

गामाराचं तोंड उघडं होतं. हे खांब इथे नव्हते, एवढंच त्याला सांगायचं होतं. आणि ते त्याला कसं ठाऊक, हे सांगितल्याशिवाय त्याला ते सांगता येत नव्हतं.

‘काही म्हणणं आहे?’ बारेइरोने त्याला विचारलं.

गामाराने पुढे होऊन एका खांबावर हात ठेवला. लगेच काढला. पँटला पुसला, परत पुसला.

‘नाही,’ तो म्हणाला. मग तो त्यांच्यापासून दहा पावलं लांबून चालत राहिला, आणि खांबांकडे त्याने पाठ केली नाही.

६

शेवटचा खांब दगडाला लागून होता. बारेइरो थकला होता. त्याने कागद काढला आणि टेकायला काही नाही म्हणून सरळ त्या खांबावर धरला.

‘साहेब, माझ्या पाठीवर लिहा,’ सेल्सा पटकन म्हणाली.

‘अहो, खांब काय वाईट आहे?’

तो सही करू लागला. सेल्सा खांबापासून हातभर अंतरावर होती. खांद्याच्या उंचीवर तिला एक यू-खिळा दिसला. चकचकीत, नवा, तिच्या पिशवीतला. त्याच्याखाली काळसर ओघळ, थेट गवतापर्यंत. तिने तो जिथे ठोकला होता तिथून इथवर शंभर खांबांचं अंतर होतं. ते खिळा घेऊन आलं होतं.

तिची नजर आपोआप वर गेली. तिरप्या टोकाच्या थोडं खाली सालीला दोन आडव्या भेगा होत्या. बारीक, नखाने ओढल्यासारख्या. लाकडाला भेगा असतातच. ती अर्धं पाऊल डावीकडे सरकली. भेगांच्या आत काहीतरी ओलं होतं, आणि तेही डावीकडे सरकलं.

बारेइरोचं पेन घसरलं.

‘हे काय!’ सहीच्या मधोमध एक उंचवटा उमटला होता, खालून कुणी कागद हळूच उचलून परत ठेवावा तसा. त्याने खांबाकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. ‘ऊन फार आहे,’ तो म्हणाला. ‘असो. दोनशे एकोणीस. सलग.’

मामा रडत होता. बारेइरोला वाटलं आनंदाने. ते काही चुकीचं नव्हतं.

७

सगळे वस्तीकडे गेले. न्या देओदोरांनी चिपाच्या टोपल्या काढल्या होत्या, कुणीतरी गिटार आणली होती. सेल्सा निसटली. दुपारच्या झोपेच्या वेळी, त्या भयाण उजेडात, ती एकटी परत दलदलीपाशी आली. हातात पक्कड होती.

ते अजून उभे होते.

तिचे पाय मागे ओढत होते. डोकं सांगत होतं की हे लाकूड आहे, आणि डोकं खोटं बोलतंय हे तिला ठाऊक होतं. तरी ती शेवटच्याजवळ गेली आणि खिळ्याशेजारी तळहात टेकला. उबदार. आणि तळहाताखाली, फार सावकाश, आत जाऊन बाहेर येणारं काहीतरी.

‘परवानगी असावी,’ ती म्हणाली.

पकडीत खिळा धरला आणि एका दमात उपटला. ते हललं नाही. तिच्या हातावर काहीतरी कोमट सांडलं. तिने वर पाहिलं नाही. आठवड्यापूर्वी तिने पाहिलं असतं, फोटो काढला असता, जगाला पुरावा दिला असता.

‘आमची विहीर राहिली,’ ती म्हणाली. ‘नऊ घरं राहिली. मी तुम्हाला खिळा मारला आणि तरी तुम्ही आलात. अगुइजे.’ तिकडे आभाराला हाच शब्द आहे. तो तिने तीनदा म्हटला, कारण एकदा पुरेसा वाटेना. मग तिने त्यांच्याकडे पाठ केली. कुणी कपडे बदलत असलं की आपण तोंड फिरवतो तशी.

थोड्या वेळाने मागे आवाज झाला. वाळत घातलेली मोठी चादर दोरीवरून ओढून काढावी तसा. वाऱ्याचा झोत मानेवर आला. मग परत. मग परत. तिने मोजले. मोजणं तिच्या अंगातच होतं. अठरा.

एकोणिसावा आवाज झाला नाही.

ती वाट बघत उभी राहिली. मग गवतात काहीतरी जड सरकलं. थांबलं. सरकलं. तिच्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावरून, कुंपणाच्या कडेकडेने, लाल रस्त्याच्या दिशेने. तिने डोळे घट्ट मिटले. आपल्या पापण्यांना चिरा नाहीत याबद्दल तिने त्या क्षणी मनापासून आभार मानले.

८

दुसऱ्या दिवशी ती साडेपाचला निघाली. दलदलीकडून एक माग निघाला होता, गवत आडवं झालेला, खांबभर रुंद. मधे मधे गवत गोल दबलेलं होतं, काहीतरी तिथे विसाव्याला थांबलं असावं तसं. एकशे साठपाशी. एकशे चव्वेचाळीसपाशी बराच वेळ. ती मागाच्या बाजूने चालत गेली, त्यावर पाय न देता.

माग एकशे सतरा आणि एकशे अठराच्या मध्ये संपत होता. तिथे एक खांब उभा होता. खांद्याच्या उंचीवर दोन बारीक भोकं, कडा नुकत्याच जुळू लागलेल्या.

पुढच्या आठवड्यात वस्तीने दलदलीत एकोणीस नवे खांब पुरले, आता पिवळं लाकूड कुणाची भीती न बाळगता. सेल्साने प्रत्येकावर हात ठेवला. सगळे गार. मामा ओट्यावरून बघायचा, पण नमस्कारांवरून तिला चिडवायचा नाही. तीन महिन्यांनी कोर्टाचा शिक्का मारलेला कागद आला. न्या देओदोरांनी त्यावरच्या सहीकडे बघून मोजणीदाराला दारूचं व्यसन असणार असं जाहीर केलं. मामाने त्या सहीतल्या उंचवट्यावर बोट फिरवलं आणि कागद काचेत घातला.

‘आता सांग,’ तो एकदा म्हणाला. ‘फसवणूक झाली की नाही कोर्टाची?’

‘एकोणीस खांब होते ना तिथे, तीस वर्षं?’

‘होते.’

‘तेवढंच सांगितलं त्यांनी.’ तिने दलदलीकडे हात केला. मग म्हणाली, ‘रंगाचं मात्र माझं खोटं होतं. ते माझ्या नावावर राहू दे.’

एकशे सतरा आणि एकशे अठराच्या मध्ये तिने खिळा मारला नाही. सुती दोरीने तार त्याला बांधली, सैल, उडायचं झालं तर एका ओढीत सुटेल अशा गाठीने. रोज सकाळी ती तिथे थांबते, तळहात टेकते आणि श्वासाची वाट बघते. कधी लगेच लागतो. कधी इतका वेळ लागत नाही की तिचं काळीज तोंडाशी येतं.

गाठ अजून सुटलेली नाही.